रक्तदाब असताना हठयोग झेपेल का?

प्रश्न : माझे वय ५२. रक्तदाबाची गोळी चालू आहे. हठयोग शिकायचा आहे, पण तो फार अवघड असतो म्हणतात. झेपेल का?

उत्तर : झेपेल. गल्लोगल्लीच्या वर्गांत शिकवतात ती आसने म्हणजे बहुतांशी हठयोगच. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिका’ या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात तर आसने अवघी १५, तीही बरीचशी बसून करायची, पुढचा भर प्राणायाम आणि मुद्रांवर. डोक्यावर उभे राहण्याची हौस तूर्त बाजूला ठेवा. शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणे तुमच्यासाठी नाही.

ताडासन, वज्रासन (गुडघे कुरकुरत नसतील तर), भुजंगासन, शेवटी शवासन. एवढ्यावर सुरुवात होते. भुजंगासनात हातांच्या जोरावर धड वर रेटू नका. पाठीच्या स्नायूंनी उचलले जाईल तेवढेच उचला, श्वास चालू ठेवा. चेहरा ताणला की समजा, जास्त झाले. पोट रिकामे हवे.

नियमित सरावाने पाठ मोकळी होते, तोल सुधारतो. रक्तदाबही थोडा उतरू शकतो. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, व्हिडिओ पाहून न करता शिक्षकांसमोर शिका आणि पहिल्याच दिवशी त्यांना रक्तदाबाचे सांगा.