सोळा वर्षे न ओळखलेला आजार : शीहान विकाराचा परिचय

वार्षिक अहवालात रुग्णसेवेच्या आकडेवारीबरोबरच एखाद्या आजाराची माहिती देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा निवडलेला आजार फारसा परिचित नाही. त्याची निवड करण्यामागे एक कारण असे, की तो ओळखण्यात आम्ही स्वतः दोन वेळा चुकलो.

2023 च्या पावसाळ्यात एका डोंगराळ वाडीतील एक्केचाळीस वर्षांच्या गृहिणीस बेशुद्धावस्थेत आमच्या अतिदक्षता विभागात आणण्यात आले. चार दिवसांचा ताप, उलट्या आणि मग ही अवस्था. रक्तदाब 80/50, रक्तातील साखर 46 आणि सोडियम 114 (ते सामान्यतः 135 ते 145 असते). तापाने सोडियम उतरले असावे, असे मानून सलाईन सुरू झाले. साखरही दिली गेली. तरीही रक्तदाब वर येईना. रात्रपाळीच्या डॉक्टर बाईंना मात्र दोन गोष्टी खटकल्या : रुग्णेचा मेणासारखा फिकट, निस्तेज चेहरा आणि काखेत केसांचा संपूर्ण अभाव. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना त्यांनी विचारले, "आजी, शेवटच्या बाळंतपणानंतर बाळ अंगावर प्यालं होतं का?"

"न्हाई बाई," आजी म्हणाल्या. "दूध आलंच न्हाई तिला. शेळीच्या दुधावर वाढलं पोर. अंगावरनं लई रगत गेलं हुतं, वार पडत नव्हती. जीपमधनं तालुक्याला न्हेली, दोन बाटल्या रक्त चढवलं, तवा वाचली."

ते बाळंतपण 2007 सालचे, घरीच झालेले. आजींच्या त्या दोन-तीन वाक्यांत निदान होते.

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका छोट्या खोबणीत वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिलाच पिट्युटरी म्हणतात. अवटू ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी आणि बीजकोश यांना कामाला लावणारी संप्रेरके हीच ग्रंथी निर्माण करते; स्तनांत दूध उत्पन्न करणारे संप्रेरकही तिचेच. गर्भारपणात ती बरीच वाढते, परंतु तिला होणारा रक्तपुरवठा मुळातच कमी दाबाचा असतो. प्रसूतीच्या वेळी अतोनात रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, की या वाढलेल्या ग्रंथीस रक्त पुरत नाही आणि तिचा पुढचा भाग अंशतः किंवा जवळजवळ पूर्णपणे मृत होतो. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी 1937 साली याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून आजाराला त्यांचे नाव मिळाले.

माता रक्तस्रावातून वाचते, घरी जाते. दूध येत नाही, तेव्हा "अशक्तपणामुळे" असे सांगितले जाते. पाळी परत येत नाही, आमच्या या रुग्णेस शेजारणी म्हणत, "लवकर सुटलीस." दोन मुले असल्याने तिसरे होत नाही याची कोणी चौकशी केली नाही. पुढे थंडी सोसेनाशी होते, कातडी कोरडी पडते, भुवया विरळ होतात, आवाज जड होतो, थोड्या कामाने गळून जायला होते. हे सारे इतक्या संथपणे घडते, की घरातील माणसांना तो स्वभावातील आळस वाटतो. या बाईंना तो शब्द घरात आणि बाहेर पुष्कळदा ऐकावा लागला.

त्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत असे मुळीच नाही. त्यांच्या पतीने एका कापडी पिशवीतून आणलेले सोळा वर्षांचे कागद आम्ही पाहिले. रक्तक्षय म्हणून लोहाच्या गोळ्या, सलाईन, टॉनिके, नैराश्यावरील औषधे. एका ठिकाणी अवटू ग्रंथीचे संप्रेरक कमी आढळले आणि त्याची गोळी सुरू झाली. ती घेऊन त्यांना अधिकच गळाल्यासारखे होई, म्हणून त्यांनी ती सोडली. पुढच्या कागदावर शेरा आहे : "रुग्ण औषध नियमित घेत नाही." वास्तविक त्यांच्या शरीराने योग्य तेच सांगितले होते. कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक संप्रेरक मिळत नसताना केवळ थायरॉइडची गोळी दिल्यास प्रकृती धोकादायकरीत्या ढासळू शकते. म्हणून आधी स्टिरॉइड आणि मग थायरॉइडची गोळी, हा क्रम मोडता येत नाही.

त्या पिशवीत आमच्याही बाह्यरुग्ण विभागाचे दोन कागद निघाले. दोन्ही वेळी केवळ टीएसएच ही तपासणी झाली आणि "सामान्य" असा निष्कर्ष लिहिला गेला. एरवी ही तपासणी उत्तम आहे. परंतु टीएसएच हे पीयूषिकेतूनच येते. दोष तिच्यातच असेल, तर टीएसएच कमी, सामान्य किंवा किंचित वाढलेलेही असू शकते आणि त्याच वेळी प्रत्यक्ष थायरॉइड संप्रेरक अगदी उतरलेले असते. त्याची मोजणी आम्ही केली नाही, बाळंतपणाविषयी विचारलेही नाही. विश्वस्त मंडळापुढे ही बाब आम्ही जशीच्या तशी ठेवली.

त्या रात्री कॉर्टिसॉलसाठी रक्ताचा नमुना घेऊन, अहवालाची वाट न पाहता, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देण्यात आले. सोडियम फार वेगाने वाढणे मेंदूस घातक असते, म्हणून ते दर काही तासांनी मोजले जात होते. सकाळी रक्तदाब स्थिरावला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी चहा मागितला. पुढे एमआरआयमध्ये पीयूषिकेची खोबण जवळजवळ रिकामी आढळली.

2005 साली प्रसिद्ध झालेल्या काश्मीर खोऱ्यातील एका पाहणीत वीस वर्षांवरील बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्के स्त्रियांत हा विकार असावा, असा अंदाज निघाला होता. 2005-06 मध्ये देशातील सुमारे 39 टक्केच प्रसूती रुग्णालयांत होत. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण 88.6 टक्क्यांवर गेले. प्रसूती होताच दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आणि वेळेवर मिळणारे रक्त यांमुळे नव्या पिढीत हा विकार कमी दिसावा. परंतु पूर्वी घरी बाळंत झालेल्या, आज चाळिशी-साठीत असलेल्या अनेक स्त्रिया आपल्याच वाड्यावस्त्यांवर आहेत.

रुग्णांच्या नातेवाइकांनी काही गोष्टी अवश्य जाणाव्यात. उपचार जन्मभराचे, पण महाग नाहीत. तपासण्याच खर्चिक पडतात, आणि या रुग्णेच्या तपासण्या देणगीदारांच्या निधीतूनच झाल्या. स्टिरॉइड या शब्दाची अनेकांना धास्ती वाटते. येथे मात्र शरीरात तयार न होणारा पदार्थच योग्य मात्रेत बाहेरून दिला जातो. गोळी एक दिवसही बंद करू नये. ताप आल्यास डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मात्रा वाढवावी. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर इंजेक्शनसाठी तत्काळ रुग्णालय गाठावे. आजाराचे नाव व औषधे लिहिलेले कार्ड नेहमी जवळ असावे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या स्त्री-रुग्णांच्या केसपेपरवर आता दोन ओळी छापल्या आहेत : "बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला होता काय? नंतर दूध आले काय? पाळी परत सुरू झाली काय?" आणि "असल्यास कोणत्या साली?" या बाई दर तीन महिन्यांनी तपासणीस येतात, गेल्या हंगामात त्या भातलावणीला उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर येतो तो शेळीच्या दुधावर वाढलेला मुलगा. आईचे कार्ड तो स्वतःच्या पाकिटात ठेवतो.