बिया पेरून डोंगर पुन्हा झाडांनी भरेल का?

प्रश्न : भोर तालुक्यात आमचा उघडा डोंगरउतार आहे. रोपे न लावता थेट बिया टाकून तिथे जंगल उभे राहील का? सीडबॉल फेकावेत का?

उत्तर : राहील, पण बिया फेकू नका, पेरा. उघड्यावरचे बी उंदीर-मुंग्या नेतात, नाहीतर उन्हात करपते. कुदळीने माती मोकळी करून बियाच्या जाडीच्या साधारण दुप्पट खोल पुरा, एका जागी दोन-तीन.

पेरणीची वेळ बी ठरवते. जांभळाचे बी वाळले की मरते. फळ पिकले की काही दिवसांतच ते मातीत गेले पाहिजे. आंब्याची कोयही तशीच. बहाव्याचे बी टिकते, पण कवच इतके टणक की पाणी आत शिरत नाही. सँडपेपरवर थोडे घासून रात्रभर भिजवा. खैराचे बी नुसते भिजवले तरी पुरते. पळस, करंज पहिल्या पावसात सहज रुजतात.

जागेवर रुजलेल्या झाडाचे सोटमूळ पिशवीत वेटोळे घेत नाही, सरळ खोल जाते. उन्हाळ्यात त्याचा फार उपयोग होतो. तरीही बरीच रोपे मरतील. म्हणून बी सढळ हाताने वापरा.

खरी कसोटी पावसाळ्यानंतर लागते. रोपांभोवतीचे गवत काढा, गुरे आवरा आणि गवत वाळताच जाळरेषा घ्या. वणवा आला तर सगळी मेहनत एका दुपारी जाते. गिरिपुष्प, सुबाभूळ मात्र नकोच. आणि पेरण्याआधी उतारावर जुने खुंट शोधा: ते फुटत असतील, तर तिथे नुसते राखणे पुरेसे आहे.