निळी घंटाफुले मैदानी बागेत : बहुवर्षायू रोप उन्हाळ्यात का दगावते?

थंडी सुरू झाली की शहरालगतच्या रोपवाटिकांमध्ये निळ्या घंटेसारख्या फुलांची बुटकी रोपे विक्रीस येतात. लेबलवर ‘बहुवर्षायू’ असे छापलेले असते. ग्राहक ते वाचून रोप घेतो आणि मे महिना संपण्यापूर्वी ते वाळून जाते. मग पाणी कमी पडले की जास्त झाले, माती बिघडली की कीड लागली, असे प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांकडे येतात. बहुतेक वेळा यांतील एकही कारण खरे नसते. गाझियाबादसारख्या मैदानी शहराचे उदाहरण घेऊन या लेखात त्या कारणाचा शोध घेतला आहे आणि महाराष्ट्रातील परसबागांना उपयोगी पडतील असे पर्याय सुचवले आहेत.

वनस्पतीची ओळख

ही फुले कॅम्पॅन्यूला या प्रजातीची आहेत. लॅटिन भाषेत ‘कॅम्पाना’ म्हणजे घंटा. बागेत लावल्या जाणाऱ्या बुटक्या निळ्या जातींमध्ये कार्पाटिका, पोर्टेनश्लागियाना आणि पोशार्स्क्याना या प्रमुख होत. त्यांची उंची साधारणतः १५ ते ३० सेंटिमीटर असते. पहिली जात मध्य युरोपातील कार्पेथियन पर्वतराजीतली असून उरलेल्या दोन्ही एड्रियाटिक समुद्राजवळच्या डोंगराळ भागातल्या आहेत. यांतील कार्पाटिका व पोर्टेनश्लागियाना चुनखडीच्या खडकांत वाढतात. त्यामुळे गाझियाबादची गाळाची, किंचित विम्लधर्मी माती आणि तेथील जड पाणी यांना दोष देण्याचे कारण उरत नाही. निचरा चांगला असला म्हणजे माती या झाडाला मानवते.

खरी अडचण : दिवसाची लांबी आणि उष्णता यांचा विसंवाद

कार्पाटिका ही दीर्घदिनी वनस्पती आहे. लहान दिवसांत ती केवळ पानांचा गुच्छ करून बसते. दिवस सुमारे १६ तासांचा झाला की तिला भरभरून बहर येतो. तिच्या मूळ प्रदेशात जून महिन्यात दिवस जवळपास तेवढाच मोठा असतो आणि त्याच वेळी डोंगरावरची हवाही थंड असते.

गाझियाबाद सुमारे २८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरअखेरीचा दिवस सुमारे १० तास २० मिनिटांचा, तर जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १४ तासांचा असतो. दिवस वाढत जातो, तसा पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे सरकतो. म्हणजे हवा थंड असते तेव्हा दिवस लहान असतो आणि दिवस मोठा होतो तेव्हा हवा भाजणारी असते. झाडाला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतात आणि मैदानात त्या कधीच एकत्र येत नाहीत. रोपवाटिकेतले रोप फुललेले दिसते, कारण त्याला अगोदरच कृत्रिम प्रकाश देऊन फुलवलेले असते.

महाबळेश्वरची हवा थंड असल्याने तेथे हे झाड टिकेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथील सर्वांत मोठा दिवसही सुमारे सव्वातेरा तासांचाच असतो. शिवाय वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सतत ओल्या राहणाऱ्या जमिनीत या झाडाचा बुंधा कुजतो. तेव्हा महाराष्ट्रात कोठेही उघड्या वाफ्यात ही जात बहुवर्षायू म्हणून लावण्याची शिफारस करता येत नाही.

हौसेने लावायचेच असल्यास

कुंडीत, एका हंगामापुरते रोप म्हणून पुढील पद्धत वापरून पाहावी.

१. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी पेरावे. बी अतिशय बारीक असते व उगवणीसाठी त्याला प्रकाश लागतो. म्हणून ते मातीने झाकू नये, नुसते दाबून बसवावे. १८ ते २१ अंश तापमानात दोन ते तीन आठवड्यांत उगवण होते.

२. रोपे चार-पाच पानांवर आली की १० ते १२ सेंटिमीटरच्या कुंडीत लावावीत. माती, वाळू व चांगले कुजलेले खत समान भागांत घ्यावे. खतासाठी गाझियाबाद येथील राष्ट्रीय जैविक शेती केंद्राने २०१५ साली प्रसारात आणलेले वेस्ट डिकंपोझर वापरता येते. २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ विरघळवून त्यात एक कुपी मिसळावी व द्रावण रोज ढवळावे. आठवडाभरात ते तयार होते.

३. रोपावर बारा ते पंधरा पाने आली की रात्री १० ते २ या चार तासांत जवळ उबदार प्रकाशाचा लहान एलईडी दिवा लावावा. रात्र मध्येच तोडली की झाड दिवस मोठा झाला असे समजते. दोन ते अडीच महिन्यांत कळ्या येतात. हे काम जानेवारीच्या आरंभी सुरू केल्यास मार्चच्या मध्यापर्यंत, उन्हाळा तापण्यापूर्वी, बहर मिळतो. निळसर पांढऱ्या दिव्याकडे पतंग व इतर निशाचर कीटक अधिक ओढले जातात. म्हणून पिवळसर प्रकाशाचा दिवा निवडावा व त्याला वरून आडोसा करावा.

कीटकांच्या दृष्टीने निळे फूल

मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही, मात्र अतिनील, निळा व हिरवा दिसतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास करड्या रंगाच्या अनेक छटांमधून मधमाश्या निळा तुकडा अचूक ओळखतात, हे प्रयोगाने दाखवले. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

घंटाफुलाची परागव्यवस्था विशेष आहे. कळी मिटलेली असतानाच परागकोश फुटतात आणि पराग कुक्षिवृंतावरील केसांवर जमा होतात. फूल उमलते तेव्हा पुंकेसर सुकलेले असतात आणि माशी पराग घेते ते या केसांवरून. ही फुलाची नर अवस्था होय. नंतर कुक्षीच्या पाळ्या उलगडतात व मादी अवस्था सुरू होते. काही जातींत माश्यांनी पराग लवकर नेले की मादी अवस्थाही लवकर येते. फुलावरील कीटकांची ये-जा प्रत्यक्ष पाहण्याचा हा उत्तम धडा आहे.

परसबागेत याला आणखी महत्त्व आहे. काकडी, कारली, भोपळा या वेलींची फळधारणा मधमाश्यांवर अवलंबून असते. जवळ फुलांचा सततचा आधार असेल तर माश्या बागेत टिकून राहतात.

सोपे पर्याय

हिवाळ्यासाठी : लोबेलिया एरिनस. ही याच कुळातील, दक्षिण आफ्रिकेची, बुटकी निळी वनस्पती आहे. उत्तरेच्या मैदानात ती हिवाळी हंगामी म्हणून लावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते.

वर्षभरासाठी : विष्णुक्रांतेचा बागेतला नातलग, इव्हॉल्व्हुलस ग्लोमेरॅटस. हा रताळ्याच्या कुळातला, ब्राझीलकडचा पसरणारा बहुवर्षायू आहे. उष्णता सोसतो, छाटकलमाने सहज वाढतो, सकाळी निळी फुले उघडतो. भरपूर ऊन व चांगला निचरा एवढेच त्याला हवे. कडाक्याच्या थंडीत थोडा आडोसा द्यावा. आपल्या माळरानांवरची विष्णुक्रांता तर याहून काटक आहे.

कीड व्यवस्थापन

मार्चनंतर कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी वाढतो. पाने फिकट ठिपकेदार दिसताच पाण्याचा जोरदार फवारा खालून मारावा. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी, माश्यांची ये-जा थांबल्यावर फवारावा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके फुलझाडांना वापरू नयेत. ती मकरंद व परागांपर्यंत पोहोचतात. याच कारणास्तव युरोपीय संघाने २०१८ मध्ये ही दोन्ही व क्लोथियानिडिन यांचा उघड्यावरील वापर बंद केला. रोपे विकत घेताना त्यांवर काय फवारले आहे, हे अवश्य विचारावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

रोपवाटिका चालवणाऱ्या शेतकऱ्यांना हे झाड ‘हंगामी’ म्हणूनच विकण्यास सांगावे. लेबलवर विश्वास ठेवलेल्या ग्राहकाचे रोप मे महिन्यात वाळले की तो पुढच्या वर्षी परत येत नाही. प्रात्यक्षिकासाठी दोन कुंड्यांना रात्रीचा प्रकाश द्यावा, दोन कुंड्या तशाच ठेवाव्यात आणि कळ्या केव्हा येतात याची नोंद करावी. फुलांवर सकाळी दहा मिनिटांत किती व कोणत्या माश्या येतात हेही मोजावे. दिवसाची लांबी झाडाला कशी कळते, हे समजावून सांगण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.