एका खटक्याने लेखन : पडद्यावरील कळफलक

हात चालत नाही म्हणून मुलास लिहिता येणार नाही, असे समजून त्याची पाटी कोरी ठेवण्याची चूक आपल्या वर्गांतून सहज घडते. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याची बोटे व जीभ दोन्ही आखडली आहेत, ते मूल गप्प बसते आणि आपण त्यास मंदबुद्धी ठरवून मोकळे होतो. मुंबईच्या मालिनी छिब यांना हीच व्याधी आहे. 'वन लिटल फिंगर' हे आपले आत्मचरित्र त्यांनी एका बोटाने कळा दाबून लिहिले.

परंतु ज्याचे एक बोटही नेमक्या कळेवर पडत नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी संगणकाच्या पडद्यावरील कळफलक आहे. साधारण रीत अशी : अक्षरांच्या ओळी पडद्यावर दिसतात व एकामागून एक उजळतात. हवी ती ओळ उजळताच मुलाने खटका दाबावा. मग त्या ओळीतील अक्षरे क्रमाने उजळू लागतात. पुन्हा खटका दाबला की अक्षर उमटते. विंडोज संगणकात ही सोय मुळातच असून, पडद्यावरील कळफलकाच्या पर्यायांत 'स्कॅन थ्रू कीज' निवडावे. खटका नसल्यास स्पेसची लांब कळही चालते.

खटका कोठे बसवावा, हे मुलाचे शरीरच सांगते. अंगठा, गुडघा, गाल, यांपैकी जी हालचाल त्यास इच्छेनुसार करता व थांबविता येते, ती हेरावी. पाठीस आधार द्यावा. 'दाब, दाब!' असा गलका मात्र होऊ देऊ नये. उत्तेजनाने स्नायू अधिकच ताठरतात.

चौकट प्रत्येक ठिकाणी 2 सेकंद थांबते असे धरू. तिसऱ्या ओळीतील चौथ्या अक्षरास 7 ठिकाणे, म्हणजे 14 सेकंद लागतात. 'पाणी' या शब्दास प, काना, ण व वेलांटी अशा चार निवडी; सुमारे एक मिनिट. एवढा वेळ थांबणे शिक्षकास जड जाते. 'पा' उमटताच आपण 'पाणी हवे ना?' म्हणून तांब्या पुढे करतो. त्यास कदाचित 'पाटी' लिहावयाचे असते!

घाटंजी तालुक्यातील कोलाम पोडावरून येणाऱ्या मुलाची घरची बोली कोलामी असते. तीही देवनागरीत लिहिता येते. तेव्हा आरंभीचे शब्द त्याच्या घरातलेच घ्यावेत. परीक्षेत अशा विद्यार्थ्यांस जादा वेळ व लेखनिक देण्याची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 मध्ये आहे.

वीज गेली तरी पाठ थांबू नये. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांच्या ओळी लिहाव्यात, शिक्षकाने ओळींवरून सावकाश बोट फिरवावे व मुलाने पापणी मिटून खूण करावी. ओळ ठरली की तीतील अक्षरांवरून पुन्हा तसेच बोट न्यावे.