घर शोधताना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन प्रमुख गरजा होत. त्यांपैकी निवारा मोठ्या शहरात मिळविणे किती विचाराचे काम आहे, हे वडिलांची नाशिकहून मुंबईस बदली झाली तेव्हा मला समजले.

आमच्यापुढे दोन घरे होती. एक दूरच्या उपनगरात होते. चांगले प्रशस्त, हवेशीर आणि भाड्यानेही स्वस्त. दुसरे दादरला, पहिल्या मजल्यावर. बैठकीची खोली, एक शयनगृह व लहानसे स्वयंपाकघर एवढाच त्याचा विस्तार. भाडे मात्र दीडपट.

आईला व मला पहिल्या घराचा मोह पडला. वडिलांनी हिशेब मांडला. उपनगरातून कचेरीस जाण्यायेण्यात त्यांचे रोज तीन तास जाणार होते. शाळा, बाजार, दवाखाना यांपैकी काहीही पायी जाण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, “भाडे केवळ घरमालकाला द्यावे लागत नाही, ते रस्त्यालाही द्यावे लागते.”

तरीही निर्णय होईना. तेव्हा आजी म्हणाली, “मला एकदा ते दादरचे घर दाखव.” आजीची दृष्टी अधू झाली होती, तथापि नाशिकला ती देवळात व बाजारात एकटीच जाई. दादरचे घर पाहून झाल्यावर ती कोणास सोबत न घेता जिना उतरली. आम्ही काळजीने खिडकीशी उभे राहिलो. पाऊण तासाने ती परतली, तो हातात मेथीची जुडी!

“शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जरा टेकले होते,” ती म्हणाली. “इथे मला बाहेर पडायला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.” आईने मुकाट्याने जुडी हाती घेतली. निर्णय झाला.

परत येताना वडिलांनी सांगितले, “१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, कोंदट वस्तीचे दुष्परिणाम तेव्हा सर्वांना दिसले. १८९८ साली शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याने पुढे दादर-माटुंगा भागात आखीव रस्ते व मोकळ्या जागा राखून वस्ती वसविली.”

घरमालक सज्जन होते. ते म्हणाले, “शब्द दिला म्हणजे झाले. कागद कशाला?” वडील नम्रपणे उत्तरले, “तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण स्मरण दगा देते, आणि मग भली माणसेही भांडतात. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारीही घरमालकावरच आहे.” घरमालकांना ते पटले. भाडे, मुदत, अनामत रक्कम, दुरुस्तीचा खर्च, सारे करारात लिहिले गेले. न्हाणीघरातील ओल आणि खिडकीची तडकलेली काच यांचीही नोंद झाली.

पुढे वडिलांची पुन्हा बदली झाली. घर सोडताना घरमालकांनी करार काढला, काच पाहिली आणि अनामत पूर्ण परत केली. एका शब्दाचाही वाद झाला नाही.

त्या दिवशी सकाळी आजी शेवटची भाजी आणण्यास गेली होती. भाजीवालीने तिच्याकडून मेथीचे पैसे घेतले नाहीत.

स्वाध्याय
१. ‘भाडे रस्त्यालाही द्यावे लागते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. तडकलेल्या काचेची नोंद करारात का केली असावी?
३. तुमच्या घरापासून पायी जाता येईल अशा पाच ठिकाणांची माहिती लिहा.