सेंट जॉन्स वर्ट किती घ्यावे?

प्रश्न : वय ५४. काही महिन्यांपासून मन उदास असते, कशातच रस वाटत नाही. जर्मनीतल्या भाच्याने सेंट जॉन्स वर्टच्या गोळ्या पाठवल्या आहेत. किती घ्याव्यात? रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे.

उत्तर : तूर्त एकही नको. झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, असे हे औषध नाही. सौम्य ते मध्यम नैराश्यावरील अभ्यासांत साधारणपणे ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीनदा दिला गेला. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. डबीवर अर्काचे वजन आहे की वाळलेल्या पाल्याच्या पुडीचे, हे पाहावे लागते. दोन्हींची मात्रा एक नसते.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे. ही वनस्पती यकृतातील विकरांचा वेग वाढवते. त्यामुळे अम्लोडिपिन लवकर निकामी होऊन रक्तदाब चढू शकतो. वॉरफरिन, डिगॉक्सिन, सायक्लोस्पोरिन आणि गर्भनिरोधक गोळ्यांचाही असर असाच घटतो. सर्ट्रालिनसारख्या नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते: थरथर, घाम, ताप, धडधड. बायपोलर आजारात उन्मादाचा झटका येण्याची भीती असते.

आधी डॉक्टरांना भेटा, ती डबी सोबत न्या. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. उदासीचे मूळ तिथेही असू शकते. जीव नकोसा वाटला तर भेटीची वाट पाहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.