फोटो बोलतो, पण सगळे सांगत नाही



मराठीच्या तासाला गुरुजी आम्हांला “चित्र पाहा व वर्णन करा” असा प्रश्न घालतात. आम्ही भराभर पाच वाक्ये लिहून मोकळे होतो. हा प्रश्न किती अवघड आहे, हे मला आमच्या घरातल्या एका फोटोने शिकवले.

गेल्या आषाढात आमच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. खाचर भाज्याच्या रस्त्याला लागूनच आहे. पावसाळ्यात लोणावळ्याला आणि लेण्यांकडे पाहुणे फार येतात. त्यांतल्या एका काकांनी गाडी थांबवून आमचा फोटो काढला. पत्ता विचारून घेतला आणि पुढे तो पोस्टाने पाठवलासुद्धा. फोटोत हिरवेगार खाचर आहे. मागे लोहगड ढगात गेला आहे. आई डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन वाकली आहे आणि मी बांधावर बसलो आहे.

फोटोच्या पाठीमागे काकांनी लिहिले होते, “पृथ्वीवरचा स्वर्ग!” शेजारच्या काकू म्हणाल्या, “यंदा रोपं झकास आलीत.” मामा मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, “काय रं, आय राबतीय अन् तू खुशाल बसलायस व्हय?” सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी सकाळी खाचरात कोणीतरी टाकलेल्या बाटलीची काच माझ्या पायात घुसली होती. आईनेच फडके बांधून मला बांधावर बसवले होते. पण फोटो माझ्या गुडघ्यांपर्यंतच आला आहे. पाय चौकटीच्या बाहेर राहिला! आई म्हणाली, “माझी कंबर मोडून आली होती, ती तरी कुठं दिसतीय?”

फोटो खोटा नव्हता. मी बसलो होतो, हे खरेच. का बसलो होतो, ते फोटोत नव्हते. ते प्रत्येकाने आपल्या मनाने भरले.

मी गुरुजींना हे सांगितले. ते म्हणाले, “फोटो म्हणजे एका क्षणाचा तुकडा. आधीचे आणि नंतरचे त्यात नसते.” मग त्यांनी दादासाहेब फाळके यांची माहिती दिली. आपल्या मळवलीला राजा रविवर्मा यांचा चित्रे छापण्याचा छापखाना होता. त्याच्या कामासाठी फाळके लोणावळ्यात राहिले होते. पुढे १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज एक चित्र घेतले. असे महिन्याहून जास्त दिवस केले. ती चित्रे एकामागून एक भरभर दाखवली, तेव्हा दाण्याचा वेल होताना लोकांना दिसला. त्यातले एकच चित्र पाहिले असते, तर वेल वाढतो आहे हे कोणालाच कळले नसते. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला.

गुरुजींनी दुसरे उदाहरण भाजे लेण्यांचे दिले. तिथे हत्तीवर बसलेल्या एका पुरुषाचे शिल्प आहे. कोणी विद्वान त्याला इंद्र म्हणतात, तर कोणी मांधाता राजा म्हणतात. दगड तोच, हत्ती तोच. पण पाहणारा आपल्याजवळचे ज्ञान घेऊन पाहतो, म्हणून अर्थ वेगळा निघतो. मोठमोठ्या विद्वानांचे असे होते, तर आपले का होणार नाही?

हे ऐकून माझा मामांवरचा राग थोडा कमी झाला. घरी आलो आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे पाहिले. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. फोटोत ते डोळे वटारून बसले आहेत, म्हणून आजोबा फार रागीट होते असे मी सर्वांना सांगत असे. आजीला विचारले, तर ती हसायलाच लागली. “आरं, फोटोवाला म्हणला, हलू नका, पापणी लवू नका. ते बिचारे श्वास धरून बसले! आयुष्यात कुणावर हात उगारला नाय त्यांनी.” मामांनी माझ्याबद्दल जे केले, तेच मी आजोबांबद्दल केले होते. मला लाज वाटली.

तेव्हापासून कोणताही फोटो पाहिला, मग तो वर्तमानपत्रातला असो किंवा मोबाइलवरचा, की मी स्वतःला चार प्रश्न विचारतो :

१. यात मला डोळ्यांनी नक्की काय दिसते?
२. मी मनाने काय जोडले?
३. चौकटीच्या बाहेर काय असेल?
४. फोटो कोणी काढला, आणि खालचे शब्द कोणी लिहिले?

आणि फोटोतले माणूस जवळ असेल, तर सरळ त्यालाच विचारावे. आजीला विचारायला मला एक मिनिट लागले. पण ते एक मिनिट मी इतकी वर्षे दिले नव्हते.

करून पाहा : आपल्या घरातला एक जुना फोटो घ्या. वहीच्या डाव्या पानावर ‘दिसते ते’ लिहा आणि उजव्या पानावर ‘वाटते ते’ लिहा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना खरे काय ते विचारा. उजव्या पानावरचे किती खोडावे लागते, ते मोजा. माझे तर सगळेच पान खोडावे लागले!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी